दारावर विचारलेलं नाव

आमच्या सुनेला बँकेत स्वतःचं वेगळं खातं हवं होतं आणि मला त्याचा राग आला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काय केलं ते वाचताना कोणी मला भोळी समजायला नको. मी भोळी नाही. माझा स्वभाव तापट आहे आणि तो गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

सून परदेशी. तिचा देश फार थंड आहे आणि तिथे केळी पिकत नाहीत, एवढंच मला लग्नाआधी कळलं होतं. माझा मुलगा पुण्यात नोकरीला होता, ती तिथे शिकायला आली होती, आणि पुढचं व्हायचं ते झालं. लग्न दोनदा लागलं. एकदा पुण्याच्या सरकारी कचेरीत, नुसत्या सह्या करून. दुसऱ्यांदा आमच्या गावात, तापीकाठी, प्रकाशा गावाच्या अलीकडे. हळद, मांडव, वाजंत्री, दोन दिवस जेवणावळी. आमच्याकडे नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरले, मुलाने अंगठीने त्यावर नवं नाव लिहिलं, बायकांनी ते वाचून पेढे वाटले. नाव मी निवडलं होतं. सहा महिने आधीपासून मनात घोळवत होते. ते इथे लिहीत नाही, पण नाव छान आहे, आणि ते तिला शोभतं असं मला आजही वाटतं.

चार दिवसांत गावाने तेच नाव तोंडात बसवलं. मुलगासुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला. तीही त्या नावाला लगेच ओ द्यायला लागली, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता.

आमचे हे गेले तेव्हा मुलाने पुण्याची नोकरी सोडली आणि दोघं गावी राहायला आली. तो केळी आणि कापूस बघायला लागला. तिचं काम तिच्यासोबत आलं. ती लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढते. मागच्या खोलीत खिडकीशी टेबल टाकून बसते, चित्रं संगणकावरून तिच्या देशात पाठवते, आणि तिचा मोबदला तिकडच्याच बँकेत जमा होतो. शाळेचं मराठी तिला अजून अडखळत येतं, पण अहिराणी अशी बोलते की पाठमोरी असली तर कोणाला कळणार नाही. ती शिकली आमच्या अंगणात, मिरच्या निवडायला येणाऱ्या बायकांकडून. त्यामुळे शिव्याही थोड्या जास्तच येतात.

तर एके दिवशी तिच्या देशातल्या बँकेचं पत्र आलं. तुमचा पत्ता आता आमच्या देशात नाही, तेव्हा दोन महिन्यांनी तुमचं खातं बंद करत आहोत. पुस्तकं छापणाऱ्यांनीही कळवलं की मोबदला फक्त चित्रं काढणाऱ्याच्याच नावाच्या खात्यात जाईल, दुसऱ्या कोणाच्या नाही. खातं नसेल तर पुढचं पुस्तक दुसऱ्याकडे द्यावं लागेल. एवढ्या दोन कागदांनी तिचं हसणं बंद झालं. ती संध्याकाळी ओट्यावर बसून राहिली, चहा गार झाला तरी कप हातातच.

मुलगा म्हणाला, "मन्हा खातामा येवू दे ना पैसा. त्यासले समजाडीसन सांग. काय फरक पडस?"

ती म्हणाली, "तुन्हं खातं तुन्हं शे. माले मन्हं जोयजे."

मी आत भाकरी थापत होते. मला ते वाक्य झोंबलं. नवऱ्याचं खातं काय परक्याचं असतं का? माझं आयुष्य या घराच्या एकाच पासबुकावर गेलं आणि माझं काही अडलं नाही. ती छापणाऱ्यांची अट मी ऐकली होती, तरी माझ्या मनाने घेतलं की हिला वेगळं व्हायचं आहे. शेजारणींनी त्यात तेल ओतलं. एकीने विचारलं, "तुम्हनी वहू बँकमा कसाले जाई ऱ्हायनी? घरमा काय कमी शे?" मी म्हटलं, तिलाच विचारा. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले.

तिने मात्र कंबर कसली. बँक निवडायची म्हणून एका वहीत तीन दारं काढली, प्रत्येक दाराखाली त्या बँकेचं बरंवाईट. पहिलं दार आमच्या गावातल्या पतसंस्थेचं. तिथला चेअरमन आमच्या भाऊबंदातला. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, कागद कशाला, वहिनी आमच्या घरच्या, सही करा, खातं झालं. आणि तांदळातलं नवं नाव त्याने स्वतःच अर्जावर लिहूनही टाकलं. तिने विचारलं, बाहेरच्या देशातून पैसे येतील का? तो म्हणाला, ते सोडून सगळं होईल. तिने वहीतल्या त्या दारावर हसरं तोंड काढलं आणि फुली मारली.

दुसरं दार नंदुरबारच्या एका खासगी बँकेचं. आत इतकं थंड की ती म्हणाली, माहेरी आल्यासारखं वाटलं. टायवाल्या साहेबाने खुर्ची दिली, पाणी दिलं, पासपोर्ट उलटासुलटा पाहिला, मग मुंबईला फोन लावला. मुंबईने अर्ध्या तासाने सांगितलं की अशा ग्राहकांसाठी मोठ्या शहरातल्या शाखेत जा. म्हणजे सुरत नाहीतर नाशिक. तिला थंडावा आवडला होता, म्हणून ती फुली जरा हळू मारली.

तिसरं दार शहाद्याच्या सरकारी बँकेचं. पंखा आवाज करणारा, रांग दारापर्यंत, आणि काउंटरमागे म्हसावदची एक मध्यमवयीन अधिकारीण बाई, जी कोणालाच खुर्ची देत नव्हती. पण तिने पासपोर्ट, व्हिसा, परदेशी माणसाच्या नोंदणीचा कागद असे सगळे कागद सावकाश वाचले आणि म्हणाली, "होतं. वेळ लागेल, पण होतं." सुनेने घरी येऊन ते दार हिरवं रंगवलं.

अडचण एकच होती. नोंदणीच्या कागदावर पुण्याचा पत्ता होता, आणि इथला पत्ता म्हणून आम्ही ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला दिला होता. ग्रामसेवक आमच्या लग्नात पंगतीला जेवलेला. त्याने मायेने आणि विश्वासाने दाखला दिला, तो नव्या नावाचा. अधिकारीण बाई म्हणाली, "पासपोर्टवर एक बाई, दाखल्यावर दुसरी. आमचा माणूस घरी येऊन बघून जाईल. पासपोर्टवरच्या नावाने विचारेल. त्याने हो लिहिलं की मी पुढे पाठवते."

हे सगळं सुनेने मला घरी येऊन सांगितलं होतं. मी हं म्हटलं होतं.

तो माणूस आठवड्याने दुपारी आला, मोटारसायकलवर. त्या दिवशी केळीचे घड कापून गाडी भरायची होती, म्हणून मुलगा आणि सून दोघंही शेतात होती. मी अंगणात एकटीच मिरच्या पसरत होते. हातांची आग होत होती, डोळ्यांना पाणी लागलं होतं, आणि त्याने गाडी नेमकी माझ्या मिरच्यांच्या कडेला लावली. म्हणजे मी आधीच तडकलेली. त्याने कागद पुढे केला. त्यावर देवनागरीत एक नाव लिहिलेलं होतं.

"मावशी, ह्या बाई आठेच ऱ्हातस का?"

मी नाव वाचलं. मला ते ओळखू आलं. पुण्याच्या कचेरीत साक्षीदार म्हणून सही करताना मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं होतं. तिच्या आईचा फोन येतो तेव्हा पलीकडून तीच हाक येते, ती मी भिंतीआडून शंभरदा ऐकली होती.

आणि मी म्हटलं, "नही रे भाऊ. ह्या नावनं आम्हना घरमा कोन्ही नही."

तो म्हणाला, नीट बघा. मी म्हटलं, बघितलं. त्याने काहीतरी लिहिलं, मोटारसायकल वळवली आणि गेला.

त्या क्षणी मला हे खोटं वाटलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. माझ्या लेखी ते नाव मांडवात संपलं होतं. बाईचं जुनं नाव उंबऱ्याबाहेर राहतं, आत नवं येतं, असंच मी आयुष्यभर धरून चालले होते. पण त्यात राग नव्हता असंही मी म्हणणार नाही. माणूस आला होता हे मी संध्याकाळी कोणाला सांगितलं नाही, आणि ज्याच्यात काही वाईट नाही असं वाटतं ते माणूस लपवत नाही.

पाच दिवसांनी बँकेतून तिला फोन आला. अर्ज परत. मुलाला पाण्याची पाळी होती, म्हणून तिने मला विचारलं, तुम्ही याल का सोबत? मी नाही म्हणू शकले नाही. आम्ही दोघी बसने शहाद्याला गेलो. तिकडच्या बँकेने दिलेल्या दोन महिन्यांतला एक संपत आला होता. सगळ्या वाटेत ती पिशवीतले कागद पुन्हा पुन्हा लावत होती, पासपोर्ट वर, मग खाली, मग परत वर.

अधिकारीण बाईने फाइल उघडली आणि वाचून दाखवलं. "पत्त्यावर भेट दिली. घरातील ज्येष्ठ महिलेने सांगितले की या नावाची व्यक्ती येथे राहत नाही."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने नुसतंच पाहिलं. परक्या गावात वाट विचारावी आणि कोणी पाठ फिरवावी, तसा तिचा चेहरा झाला होता. मला त्या बाकावर बसवेना.

कारण ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. माझ्यावरच बेतलेलं होतं ते.

लग्नाआधी मी डी.एड. झाले होते. शिक्षिकेच्या नोकरीसाठी अर्ज केला होता, मुलाखत झाली होती. मग लग्न झालं, ताटातल्या तांदळात माझंही नाव बदललं, आणि मी या गावात आले. वर्षभर मी नेमणुकीच्या पत्राची वाट पाहिली. माहेरी भावाला विचारत राहिले. मग सोडून दिलं. आपण पास झालो नसणार, असं मनाशी ठरवलं. पुढे तीन वर्षांनी एका लग्नात म्हातारा पोस्टमन भेटला. सहज बोलता बोलता म्हणाला, तुमच्या माहेरच्या पोस्टाने पत्ता बदलून पाठवलेलं एक रजिस्टर पत्र आलं होतं तुमच्या घरी, पण तुमच्या सासूबाई म्हणाल्या की या नावाची बाई आमच्या घरात नाही, म्हणून परत केलं. मी त्याला विचारलं, कुठलं पत्र होतं? शिक्षण खात्याचं, तो म्हणाला. त्या लग्नात मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी येऊन गोठ्यात जाऊन रडले.

सासूबाईंना मी कधीच काही बोलले नाही. बोलून काय होणार होतं? त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना माझं माहेरचं नाव ठाऊकच नव्हतं, कोणी सांगितलंच नव्हतं. पण मला माझ्या सुनेचं नाव ठाऊक होतं. एवढा फरक आमच्या दोघींत होता, आणि त्या बाकावर तो मला चांगलाच कळला.

मी उठून काउंटरपाशी गेले. म्हटलं, "ती ज्येष्ठ महिला मी. चूक माझी आहे. आता काय करायचं ते सांगा."

अधिकारीण बाईने चष्मा काढून मला नीट पाहिलं. मग विचारलं, "घर कोणाच्या नावावर?"

"माझ्या."

"मग तुम्हीच लिहून द्या. तुमच्या हाताने. की ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत आणि ती तुमच्या घरात राहते. घरपट्टीची पावती जोडा. मी माणूस पुन्हा पाठवते. पण मावशी, या वेळेला..."

"या वेळेला मी दारातच बसते," मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. उसाचे ट्रॅक्टर पुढे होते, बस रखडत चालली होती. ती खिडकीबाहेर बघत होती. मग तोंड न वळवता म्हणाली, "आई, तुम्हले मन्हं नाव माहीत व्हतं ना?"

"व्हतं."

"मंग काबरं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. पत्राचं, पोस्टमनचं, गोठ्याचं. मुलाला हे ठाऊक नाही. आमच्या ह्यांनाही मी कधी सांगितलं नव्हतं. अर्ध्या बसला ऐकू गेलं असेल, पण मला त्याचं काही वाटलं नाही. रागाचंही सांगितलं, की मला वाटलं तू वेगळी निघतेस. ती ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण माझ्या पाठीवरून हात फिरवून सोडून देणाऱ्यांतली ती नाही. म्हणाली, तुम्ही केलं ते वाईट केलं. मी म्हटलं, हो. मग ती म्हणाली, "तुम्ही दिधेल नाव माले आवडस. ते बी मन्हं शे. पण पयलं बी मन्हंच शे." आणि मग विचारलं, तुमचं पहिलं नाव काय होतं?

चाळीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, बरोबर म्हटलं. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी तिकिटाचा कागद उगीच घड्या घालत बसले.

रात्रीच्या जेवणाआधी मी ते पत्र लिहायला बसले. शाई-पेन शोधलं, कारण असलं लिखाण बॉलपेनने करायला मला आवडत नाही. तिचं पूर्ण नाव लिहिताना तिला शेजारी बसवून घेतलं. चार शब्दांचं नाव आहे. पहिला शब्द तिच्या आजीचा, दुसरा आईच्या मावशीचा, मग वडिलांच्या घराण्याचे दोन. एवढी माणसं एका नावात होती आणि मी ती सगळी मांडवात सोडून आले होते. एक कागद खराब झाला, दुसरा नीट उतरला. मुलाने तो वाचला आणि म्हणाला, आई, तुझं अक्षर किती छान आहे गं. मी म्हटलं, शिक्षिकेचं अक्षर आहे ते. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

दहा-बारा दिवस मी दारातून हलले नाही म्हटलं तरी चालेल. प्रकाशाला देवळात जायचं होतं, ते पुढे ढकललं. मिरच्या गोळा करून झाल्या होत्या. अंगण मोकळं होतं. आणि एका सकाळी तीच मोटारसायकल आली. त्याच माणसाने मला पाहून गाडी जरा लांबच उभी केली.

"मावशी," तो म्हणाला, कागद न दाखवताच, "परत उनू मी. ह्या नावनी बाई आठे ऱ्हास का?" आणि त्याने ते चारही शब्द वाचले.

"शे ना. आठेच ऱ्हास. थांब, बलावस."

मी आत तोंड करून तिला हाक मारली. पासपोर्टवरच्या नावाने, पहिल्या शब्दाने, तिची आई मारते तशी. आमच्या अंगणात त्या नावाने आजवर कोणी हाक मारली नव्हती. आतून काही उत्तर आलं नाही. मी पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्याने. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि ती पळतच बाहेर आली, बोटांना निळा रंग, केस सुटलेले, आणि दारात येऊन थांबली. तिने अंगणभर नजर फिरवली. हाक मारणारी मीच आहे हे तिला क्षणभर पटत नव्हतं.

"हाई ती," मी त्याला म्हटलं. "लिख."

त्याने तिचा पासपोर्ट पाहिला, चेहरा पाहिला, सही घेतली. सहीच्या शेजारी निळ्या बोटाचा ठसा उमटला. मग फॉर्म माझ्याकडे वळवून म्हणाला, "आते माहिती देनारना नाव. मावशी, तुम्हनं नाव सांगा."

मी त्याला माझं नाव सांगितलं, जे घरपट्टीच्या पावतीवर आहे ते. त्याने ते लिहिलं. मग मी म्हटलं, थांब, अजून आहे, आणि माझं माहेरचं नाव सांगितलं.

त्याने पेन वर उचललं. "मावशी, आठे एकच नावनी जागा शे."

"मंग बारीक लिख."